तात्पुरत्यांचा मुक्काम

उपग्रहाच्या चाळीस दृश्यांतलं बत्तिसावं चालू असताना नकाशांचा प्रोग्रॅम थांबला. लाल अक्षरांत एकच ओळ : डिस्कवर जागा शिल्लक नाही. आधी मला ते खरंच वाटेना. पंधरा दिवसांपूर्वी याच ड्राइव्हवर सव्वादोनशे जीबी मोकळे होते. मधल्या काळात मी सिनेमे उतरवले नव्हते, फोटो ओतले नव्हते, नवं काही बसवलंही नव्हतं. केलं होतं ते फक्त नकाशांचं काम, आणि त्यातून हाती येणार होता तो माल म्हणजे चाळीस लहानशी रास्टर, म्हणजे पिक्सेलांच्या जाळीत साठवलेली चित्रं. प्रत्येक बारा एमबीचं. सगळी मिळून अर्धा जीबीसुद्धा होत नाहीत.

मग बाकीचे जीबी खाल्ले कुणी?

रात्रीचे साडेअकरा झाले होते. अशा वेळी शहाणं माणूस लॅपटॉप मिटतं आणि झोपतं. मी फोल्डरांचे आकार मोजणारं एक साधन उघडलं. ते अख्खी डिस्क रंगीत चौकोनांत मांडून दाखवतं; फाइल मोठी तर चौकोन मोठा. पडद्याचा जवळजवळ निम्मा भाग एकाच रंगाचा निघाला, आणि त्यातले बहुतेक चौकोन अगदी एकाच मापाचे, फरशी बसवल्यासारखे. एकावर माउस नेला. लांबलचक पत्ता : माझ्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात टेम्प, मग 'प्रोसेसिंग' आणि त्याला चिकटलेली सहा निरर्थक अक्षरं, त्याच्या आत बत्तीस अक्षर-अंकांचं नाव घेतलेलं आणखी एक फोल्डर, आणि त्यात एकुलती एक फाइल. तिचं नाव आउटपुट. शेजारच्या चौकोनावर गेले. फोल्डर वेगळं, फाइल आउटपुट. त्याच्या शेजारी, आउटपुट. चारशेच्या वर आउटपुट, आणि त्यातली कुठली कशाची, हे सांगायला एकही जण पुढे येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब कागदावर मांडला तेव्हा तो इतका सरळ निघाला की लाज वाटली. माझं काम सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांवर चालतं. मूळ जोडीतला पहिला २०१५च्या जूनमध्ये अवकाशात गेला, दुसरा २०१७च्या मार्चमध्ये. त्यांची चित्रं साधारण ११० किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत कापून मिळतात. चित्रात प्रत्येक रंगाचा वेगळा पट्टा असतो; ज्या पट्ट्यांत एक पिक्सेल दहा मीटरचा, त्यांत अशा चौकोनाच्या एका बाजूला १०,९८० पिक्सेल असतात, म्हणजे एकूण १२ कोटी ५ लाखांच्या वर. मूळ चित्र पूर्णांकांत असतं आणि चांगलं दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे ते फारसं अंगावर येत नाही. पण झाडोऱ्याचा हिरवेपणा मोजायचा तर अवरक्त पट्ट्यातून लाल पट्टा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या मधला अपूर्णांक. अपूर्णांक आला की पिक्सेलमागे चार बाइट आले. १२ कोटी ५ लाख गुणिले चार, म्हणजे ४८२ एमबी. एका पायरीची एक फाइल.

माझ्या पायऱ्या चार होत्या. ढगांचा मुखवटा, म्हणजे ढगाळ पिक्सेल झाकणारी फाइल, दहा मीटरच्या पिक्सेलवर आणायचा, तो लाल पट्ट्याला लावायचा, मग अवरक्त पट्ट्याला, मग हिरवेपणाचा निर्देशांक काढायचा. शेवटी हव्या त्या क्षेत्रापुरता तुकडा कापून घ्यायचा, तोच तो बारा एमबीचा. मी वेगळं काही सांगितलं नव्हतं, म्हणून चारही पायऱ्यांचे निकाल अपूर्णांकांतच लिहिले जात होते, अगदी ढगांच्या मुखवट्याचासुद्धा. 'ढग आहे' किंवा 'ढग नाही' एवढंच सांगणाऱ्या फाइलला पिक्सेलमागे एक बाइट खूप झाला असता. दर दृश्याला १.९ जीबी, चाळीस दृश्यांना ७७. आणि ढग कशाला म्हणायचं याचा निकष बदलत बदलत मी तेच गुऱ्हाळ तिसऱ्यांदा चालवत होते. दोनदा पूर्ण, तिसऱ्यांदा बत्तिसापर्यंत. गुणाकार तुम्हीच करा.

नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडायला मी तयारच होते. एक तर ते विचारतं कसं बघा. कुठलंही साधन उघडा, निकाल कुठे ठेवायचा त्या चौकटीत आधीपासूनच फिकट अक्षरांत लिहिलेलं असतं : तात्पुरती फाइल तयार करा. ती चौकट रिकामी सोडली तरी काम होतं, नाव सुचवायचे कष्ट वाचतात, 'चालवा' दाबलं की लेयर, म्हणजे नकाशाचा नवा थर, समोर हजर. सोय इतकी की वर्षभरात मी त्या चौकटीत काही टाइप केल्याचं मला आठवत नाही. 'तात्पुरती' म्हणजे कुणीतरी नंतर झाडून काढणार, असं मी धरूनच चालले होते. कोण, ते विचारलं नव्हतं.

खरं तर हे झाडणं ज्या त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या घराण्याच्या रीतीवर असतं. लिनक्सच्या अनेक वितरणांत ही जबाबदारी व्यवस्थेनेच अंगावर घेतलेली आहे. सिस्टमडी या तिथल्या व्यवस्थापक प्रोग्रॅमच्या मूळ मांडणीत टेम्प फोल्डरमध्ये दहा दिवस कुणी हात न लावलेली फाइल काढून टाकली जाते, आणि काही ठिकाणी ते फोल्डर मेमरीतच असल्यामुळे यंत्र बंद झालं की सगळंच साफ. विंडोजमध्ये यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं म्हणून टेम्प रिकामं होत नाही. तिथे ज्याने फाइल केली त्यानेच ती पुसावी, असा संकेत आहे. माझं सॉफ्टवेअर तो पाळतंही. बंद होताना ते त्या बैठकीचं, म्हणजे उघडल्यापासून बंद करेपर्यंतच्या कामाचं, प्रोसेसिंग फोल्डर काढून टाकतं. अडचण एवढीच की मी ते बंद करतच नव्हते. संध्याकाळी लॅपटॉपचं झाकण मिटायचं, सकाळी उघडायचं. पंधरा दिवस एकच बैठक. आणि जेव्हा केव्हा ती संपायची तेव्हा सॉफ्टवेअर कोसळून संपायची. कोसळणारा माणूस जाता जाता खोली आवरत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मी घाईत होते. सॉफ्टवेअर बंद केलं, टेम्पमध्ये प्रोसेसिंग नावाने सुरू होणारी जितकी फोल्डरं उरली होती तितकी सगळी निवडली, शिफ्ट दाबून डिलीट केलं. डिस्कची पट्टी लालची निळी झाली आणि मला खरोखर हलकं वाटलं.

दोन दिवसांनी दुसऱ्याच एका कामाचा प्रकल्प उघडला. समोर चौकट आली : खालील लेयर सापडत नाहीत. यादीत एकच नाव होतं. 'पाणलोट अंतिम'.

ते नाव मीच दिलेलं होतं. चार महिन्यांपूर्वी, उंचीच्या रास्टरवरून. खड्डे भरायचे, प्रवाहाची दिशा काढायची, प्रवाह साचत कुठे जातो ते काढायचं, मग नदीच्या मुखाशी बिंदू ठेवून त्याच्यामागचं सगळं क्षेत्र उचलायचं. निकाल मनासारखा आला तेव्हा लेयरच्या यादीत 'आउटपुट' खोडून मी 'पाणलोट अंतिम' लिहिलं, निळा रंग दिला, प्रकल्प सेव्ह केला. सेव्ह केला म्हणजे ठेवला, असं मला वाटलं होतं. पण प्रकल्पाच्या फाइलमध्ये डेटा नसतोच. असतात ते पत्ते, रंग, क्रम आणि जाडी-बारीकी. यादीतलं नाव बदलल्याने फाइल जागची हलत नाही. ती टेम्पमध्ये, त्या बत्तीस अक्षरांच्या फोल्डरात, आउटपुट म्हणूनच बसलेली होती. लेयरच्या नावाशेजारी एक बारकं चिपचं चिन्हही होतं. चार महिने मी ते सजावट समजत होते.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ती फाइल इतके दिवस टिकली कशी. ज्या दिवशी ती केली त्या दिवशी संध्याकाळी सॉफ्टवेअर कोसळलं होतं. नीट बंद झालं असतं तर पाणलोट त्याच रात्री गेला असता आणि मला दुसऱ्या दिवशीच शहाणपण आलं असतं. ज्या कोसळण्याला मी तेव्हा शिव्या घातल्या होत्या त्यानेच तो वाचवून ठेवला होता, आणि ज्या साफसफाईवर मी इतकी खूश होते तिने तो घालवला.

वाचवलं ते इतिहासाने. प्रोसेसिंगच्या खिडकीत इतिहास नावाचं एक बटण असतं, ते मी कधी दाबलं नव्हतं. त्यात आजवर चालवलेली प्रत्येक आज्ञा तारीख-वेळेसह नोंदलेली होती : कुठलं साधन, कुठली फाइल आत, कुठला आकडा दिला. चार महिने मागे गेले. पाणलोटाची आज्ञा सापडली. तिच्या आत जाणारी फाइल टेम्पमधल्या एका फोल्डरची. ते फोल्डर आता नव्हतं, पण त्याचं बत्तीस अक्षरी नाव होतं. त्या नावाला धरून त्याच्या आदली आज्ञा, तिला धरून त्याच्याही आदली. जिथे सगळी फोल्डरं पुसली गेली होती तिथे त्यांची नावं एकमेकांचं बोट धरून उभी होती. शेवटी मूळ उंचीच्या रास्टरपर्यंत पोहोचले. तासाभरात पाणलोट पुन्हा तयार झाला, मुखाच्या बिंदूच्या सहनिर्देशकांसकट.

तेव्हा जे कळलं ते माझ्या कामाची पद्धत बदलून गेलं. ४८२ एमबीच्या आउटपुटला जी किंमत मी देत होते ती खरी त्या दोन ओळींच्या आज्ञेची होती. आज्ञा हाताशी असेल तर मधली प्रत्येक फाइल बिनधास्त पुसावी. आज्ञा नसेल तर फाइल असून नसल्यासारखी, कारण ती कशी आली हेच सांगता येत नाही. मी नेमकं उलटं करत आले होते. माल भरून ठेवला, कृती लिहून ठेवली नाही.

पण त्या चाळीस दृश्यांचं कोडं अजून सुटलं नव्हतं. कारण ते काम मी हाताने नाही, पायथनच्या एका स्क्रिप्टने करत होते, आणि त्या स्क्रिप्टमध्ये मी साफसफाई घातलेली होती! दर दृश्य झालं की मधल्या चार फायली पुसा, अशी स्वच्छ ओळ. तरी फायली साचत होत्या. हीच स्क्रिप्ट एक सहकारी त्याच्या लिनक्सवर चालवत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, माझ्याकडे तर काही होत नाही. एकदा नीट बघ." या व्यवसायात याहून चीड आणणारं वाक्य नाही, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

पुसण्याच्या ओळीभोवती मी कधीतरी एक पांघरूण घातलं होतं : चूक आली तर दुर्लक्ष करून पुढे जा. ते काढलं. पहिल्याच दृश्याला स्क्रिप्ट थांबली. विंडोजची चूक क्रमांक ३२ : ही फाइल दुसरी कुठली तरी प्रक्रिया वापरत असल्यामुळे तिला हात लावता येत नाही. कोण वापरत होतं? मीच. निर्देशांकाची सरासरी काढायला मी ती रास्टर जीडॅलने उघडत होते आणि बंद करत नव्हते. जीडॅल ही रास्टर वाचण्या-लिहिण्याची जुनी, भरवशाची लायब्ररी. जगभरच्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या पोटात ती असते. पायथनमध्ये तिच्याकडून उघडलेली फाइल, ती धरून ठेवणारं चल (व्हेरिएबल) जोवर सोडत नाही तोवर उघडीच राहते. आणि माझं चल पुढच्या दृश्याच्या फाइलने भरेपर्यंत आधीची सोडत नव्हतं. म्हणजे पुसायची आज्ञा यायची तेव्हा फाइल उघडी, आणि फाइल सुटायची तेव्हा पुसायची वेळ निघून गेलेली.

मग लिनक्सवर का चालत होतं? तिथे उघडी फाइलही पुसता येते. नाव लगेच जातं, जागा मात्र शेवटचा धरणारा सोडेपर्यंत अडकलेली राहते. सहकाऱ्याच्या यंत्रावरही प्रत्येक फाइल मी सांगितलेल्या वेळी मोकळी होत नव्हतीच. पुढच्या दृश्याला चल बदललं की आपोआप होत होती. चूक दोघांकडे सारखीच होती. त्याच्या व्यवस्थेने ती पोटात घातली, माझ्या व्यवस्थेने तोंडावर फेकली, आणि मी ती पांघरुणाखाली लपवली. दुरुस्ती एका ओळीची होती : सरासरी काढून झाली की चल रिकामं करा. मी तेवढी ओळ त्याला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "पण माझ्याकडे तर चालतंय की."

एकदा पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितं, तसं काही दिवस मी प्रत्येक अनोळखी फाइलकडे संशयाने बघत होते. नकाशांच्या फोल्डरात अशा बऱ्याच असतात. रास्टरशेजारी ऑक्स-एक्सएमएल शेपटीची फाइल, ती आकडेवारी लक्षात ठेवते. पुसली तर पुन्हा होते. ओव्हीआर शेपटीची फाइल, ती नकाशा लांबून बघताना झटपट दिसावा म्हणून केलेल्या लहान लहान प्रतींची. ती न दाबता केली तर मूळ रास्टरच्या साधारण एक तृतीयांश जागा घेते, कारण चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचाही चतुर्थांश अशी ती बेरीज चालते. हीही पुन्हा करता येते. बिंदू, रेषा, आकृत्या साठवणाऱ्या शेपफाइलची भावंडं मात्र निराळी. ती नावाला एक फाइल, प्रत्यक्षात किमान तीन, आणि त्यातली डीबीएफ उडवली तर आकृत्या राहतात, पण त्यांची सगळी माहिती जाते.

सगळ्यांत फसवी जोडी जिओपॅकेजची. नकाशांचा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारं ते मुळात एक एसक्यूलाइट डेटाबेस असतं. उघडं असताना त्याच्याशेजारी दोन फायली उगवतात, एकीच्या शेवटी डब्ल्यूएएल, दुसरीच्या एसएचएम. दिसायला अस्सल कचरा. काम नीट संपलं की आपण होऊन जातातही. पण सॉफ्टवेअर कोसळलं तर मागे राहतात, आणि तुम्ही नुकत्याच केलेल्या दुरुस्त्या मुख्य फाइलमध्ये न उतरता त्या डब्ल्यूएएलमध्येच असू शकतात. ती पुसली की त्या गेल्या. पुसायच्या ऐवजी जिओपॅकेज पुन्हा उघडून नीट बंद केलं तर ती आपला ऐवज मुख्य फाइलच्या हवाली करते आणि निघून जाते. एकदा माझं बोट डिलीटवर होतं. आकार बघितला, चार एमबी. कचऱ्याला चार एमबी कशाला लागतील, एवढ्याच शंकेने थांबले.

टेम्प भरण्याचा आणखी एक नमुना मी दुसऱ्याच्या यंत्रावर बघितला होता, आणि तिथे जागेचा प्रश्नच नव्हता. डिस्क अर्धी रिकामी, तरी एक जुनं आयातीचं साधन सुरूच होईना. तक्रार विचित्र : फाइल अस्तित्वात आहे. कुठली, ते नाही. विंडोजकडे तात्पुरत्या फाइलचं नाव मागण्याची एक जुनी सोय आहे. ती नावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या अक्षरांना सोळाच्या पद्धतीतले (हेक्साडेसिमल) चार अंक जोडते, आणि अशी नावं ६५,५३५ च्या पुढे जात नाहीत. त्या साधनाने वर्षानुवर्षं शून्य बाइटच्या फायली मागे टाकत ती सगळी नावं संपवली होती. फोल्डर उघडायलाच कित्येक मिनिटं गेली. जागा जवळपास काहीच अडली नव्हती, पण नाव शिल्लक नव्हतं.

आता माझ्या टेम्पचा मार्ग मी सेटिंगमध्ये बदलला आहे. तो दुसऱ्या ड्राइव्हवर, माझ्या डोळ्यांसमोरच्या फोल्डरात जातो. जिथे जमेल तिथे मधल्या पायरीला व्हीआरटी वापरते. ती रास्टर नसून रास्टर कसं बनवायचं याची काही केबींची चिठ्ठी असते. मूळ फायली जागेवर आहेत तोवर बिनबोभाट चालते. आणि स्क्रिप्टमध्ये मी सगळ्यांत साधा बदल केला, जो पहिल्या दिवशी सुचायला हवा होता. तुकडा कापण्याची शेवटची पायरी पहिली केली. आधी कापायचं, मग मोजायचं. आता चारही पायऱ्यांची प्रत्येक फाइल फार तर बारा एमबीची होते आणि चाळीस दृश्यांचा मधला सगळा पसारा ७७ जीबीवरून दोन जीबीच्या आत आला. कापणं शेवटी का ठेवलं होतं, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. शिकताना तसं शिकले होते.

सहकाऱ्याने अजून ती ओळ घातलेली नाही.

आणि माझ्याकडे एक फाइल उरली आहे. त्या घाऊक डिलीटमधून ती वाचली, कारण मी कधीतरी तिची प्रत काढून 'बघू नंतर' नावाच्या फोल्डरात टाकली होती. नाव आउटपुट, आकार ४८२ एमबी. उघडली तर अर्थपूर्ण दिसते. डावीकडून एक गडद पट्टा खाली उतरतो, मध्ये काही उजळ ठिपके, किमती शून्य ते एक. इतिहासात शोधलं, फाइलची तारीख इतिहासाच्या पहिल्या नोंदीच्याही आधीची आहे. ती कशाची आहे ते मला माहीत नाही. दर महिन्याला मी ती निवडते, डिलीटवर बोट नेते, आणि मग 'बघू नंतर' फोल्डर बंद करते.